जबड्यांच्या कुंपणातला डेलिया

कवळीकाका मेलेल्या माणसांचे दात बागेत पुरतात, ही अफवा उठली ती आमच्याच घरातून. भिंतीवरून डोकावली शिवणकाकू. गल्ली तिला शिवणकाकू म्हणते, मी आई म्हणते. पण या गोष्टीपुरतं शिवणकाकूच बरं. दिवसभर तिच्या ओठांत टाचण्या असतात, त्यामुळे साधी गोष्टसुद्धा ती दात आवळून, कुणाचं तरी गुपित फोडल्यासारखी सांगते.

"गोल मांडलेत हो! जबडेच्या जबडे. मधे एक काठी, काठीला चिंधी बांधलेली. आणि हा माणूस समोर उकिडवा बसून पुटपुटतोय. या डोळ्यांनी बघितलंय मी."

सकाळी हे दात मेलेल्यांचे होते. कोपऱ्यावरच्या दुकानात पोचेपर्यंत ते जिवंतपणी उपटलेले झाले, आणि संध्याकाळी दुकानदाराने आपली अक्कलदाढ जिभेने चाचपून पाहिली.

खरं एवढंच की ते दात नव्हते, प्लास्टर होतं. आणि काका काही पुरत नव्हते. जे पुरलं होतं ते जगावं म्हणून तो माणूस पाच महिने तडफडत होता.

कवळीकाका एकसष्ट वर्षांचे. दात काढणं आणि तोंडात बसवणं हे डॉक्टरीणबाईंचं काम. काका कवळ्या घडवतात. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल आहे, त्यावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या, बर्नर आणि बोटाएवढ्या सुऱ्या. कोपऱ्यात प्लास्टरचं पोतं, आणि कवळ्या शिजवायची एक स्टीलची टाकी. भिंतीभर फळ्यांवर लोकांच्या तोंडांचे साचे, बुडाला पेन्सिलने नाव. कुणी विचारलंच, "टोचणार नाही ना हो?" तर काका मान खाली घालूनच सांगतात, "बसेल. आठ दिवसांत बसेल." हे वाक्य ते कवळीला म्हणतात, खिडकीच्या अडकलेल्या कडीला म्हणतात, गल्लीत भांडण झालं तर भांडणालाही म्हणतात.

या धंद्यात त्यांना घातलं थोरल्या बहिणीने, अक्कांनी. काका नऊ वर्षांचे असताना आई गेली, तेव्हा अक्का एकोणीसच्या होत्या. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये चिकटल्या आणि धाकट्या भावाला एका कवळीवाल्याच्या हाताखाली बसवून आल्या. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," त्या म्हणाल्या, "तू दात करून भर." पुढे अक्कांचं लग्न झालं, एक मुलगी झाली, नवरा गेला, आणि अक्का पुन्हा याच घरात आल्या. काकांनी लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "अक्काने कुठे सांगितलं?"

अक्का बोलतात ते अजूनही एक्सचेंजमधल्यासारखं. सुरुवात "हं, बोल." शेवट "ठेव." समोर बसून बोलतानासुद्धा. मधे जेवढे शब्द लागतील तेवढेच, जणू पुढच्याचा कॉल खोळंबलाय.

अशा या अक्कांचा एकच लाड होता. अकरा वर्षांपूर्वी मोरीच्या पाइपापाशी, न पेरता, एक डेलिया उगवला. फूल आलं ते जांभळाच्या सालीच्या रंगाचं, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला पांढरा ठिपका. काकांच्या भाषेत, हिरडीतून नुकता डोकावलेला दुधाचा दात. तसला डेलिया कुणाकडेच नव्हता. नर्सरीवाला दोनदा बघून गेला. शिवणकाकूने सात वर्षं मागितला.

"एक गड्डा द्या की हो अक्का."

"गड्डा म्हणजे काय बटाटा आहे?"

नाही दिला. कुणालाच नाही. त्यामुळे जगात तो डेलिया जेवढा होता तेवढा त्या एका मागच्या तुकड्यात होता.

गेल्या थंडीच्या तोंडावर अक्कांनी एकवीस गड्डे उकरले, धुतले, सुकवले आणि खोक्यात कोरड्या भुशात भरून ठेवले. चौथ्या दिवशी न्हाणीच्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी आली आणि त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. गाडीत आडवं ठेवत असताना अक्का भावाला म्हणाल्या, "गड्डे बघत जा."

भावाने बघितले. तिथेच घात झाला.

आठ दिवसांनी काकांनी खोका उघडला तर गड्डे सुरकुतलेले, हलके, कातडी सुटलेली. डेलियाचा गड्डा थंडीभर असाच दिसतो, पांघरूण ओढून निजलेल्या म्हाताऱ्यासारखा. त्याला हात लावायचा नसतो. पण काकांची सगळी हयात एका नियमावर गेलेली: कवळी कोरडी पडली की वाकते, तिला कायम ओलं ठेवायचं. अक्काची ठेव आपल्या डोळ्यांदेखत वाळून चाललीय! त्यांनी भुसा झटकला, एकेक गड्डा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि कवळीच्या झाकणाच्या डब्यांत घालून घट्ट बंद केला. एकवीस डब्या, गुलाबी आणि निळ्या. फळीवर ओळीने लावल्या. "बसेल," म्हणाले, आणि त्या रात्री निवांत झोपले.

थंडी सरत आल्यावर एका रविवारी सकाळी पहिली डबी उघडली. आधी वास आला. मग फडक्यातून तपकिरी रस ओघळून मनगटावर आला. दुसरी डबी, तेच. तिसरी, तेच. काकांनी घाई केली नाही, थांबलेही नाहीत. एका मापाने उघडत गेले, जसं काही पुढच्या डबीला मागचीची खबर लागता कामा नये. वीस डब्यांत वीस लगदे. एकविसावीच्या झाकणाला तडा होता. तेवढ्या फटीतून हवा गेलेली. आतला गड्डा अर्धा काळा, अर्धा घट्ट, आणि घट्ट भागाच्या मानेवर तांदळाएवढा एक फिकट डोळा.

फोन वाजला. रविवारी सकाळी तो वाजतोच.

"हं, बोल."

"मी बरा आहे."

"गड्डे?"

काकांच्या बोटांवरून रस ठिबकत होता. "आहेत."

"कोंब?"

"येतायत."

"किती?"

"म्हणजे... बऱ्यापैकी."

"बरं. ठेव."

बावन्न वर्षांत अक्काशी बोललेलं हे पहिलं खोटं. काका स्टुलावर बसले आणि फळीवरच्या जबड्यांकडे बघत राहिले. सगळी गल्ली तोंड वासून त्यांच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सरी गाठली. नर्सरीवाला आधी हळहळला, मग म्हणाला, "पिवळा देऊ का? टपोरा येतो." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पिवळ्याचं नाव टाकलं. "बरं, मग ऐका. त्या अर्ध्या गड्ड्याच्या भरवशावर राहू नका, तो आज ना उद्या जाणार. त्याला ऊब द्या. कोंब बोटाच्या दोन पेरांएवढे झाले की कापा आणि वाळूत लावा. एकाचे पाच-सात होतात. नशीब असेल तर."

ऊब काकांकडे होती. कवळ्यांची टाकी मंद ठेवली की झाकण कोमट होतं, हात ठेवून बसावंसं वाटेल इतपत. त्या झाकणावर वाळूच्या ताटलीत अर्धा गड्डा बसला. रोज सकाळी दात घासायच्या आधी काका भिंग लावून त्याचं तोंड तपासायचे. तांदळाचा गहू झाला. गव्हाची पानं झाली. एक, तीन, सात! सात कोंब दिल्यावर गड्डा आतून बसला आणि संपला. आता जो काही डेलिया होता तो या सात हिरव्या बोटांत होता.

मेण कापायच्या सुरीने त्यांनी सातही कोंब पेराच्या खाली कापले. एवढी नाजूक कापणी गल्लीत दुसऱ्या कुणाला जमली नसती. खालची पानं काढली, वरची अर्धी केली, डब्यांना भोकं पाडली, वाळू-माती भरली, वर प्लास्टिकचे ग्लास उपडे घातले आणि डब्या त्याच कोमट झाकणावर मांडल्या. पाणी घालताना हात आपोआप सैल सुटायचा. एक कलम बुडाशी काळं पडून आडवं झालं. काकांनी स्वतःच्याच उजव्या हातावर चापट मारली आणि पाण्याची बाटली कपाटात कुलपात ठेवली.

सहा राहिली. आणि मग डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. एका बाईंच्या मुलीचं लग्न, कवळी उद्या सकाळी पाहिजेच. कवळी शिजवायची तर टाकी उकळीला न्यावी लागते. चाळीस वर्षांची सवय. काकांनी साचा आत सोडला, झाकण वरच्या डब्यांसकट परत टाकलं, बटण फिरवलं आणि पॉलिश करायला पाठ वळवली. झाकणावरच्या सहांपैकी दोन डब्या मधोमध होत्या. वीस मिनिटांनी पालकाच्या भाजीसारखा वास आला.

ते धावले. चार कडेच्या वाचल्या, मधल्या दोन शिजल्या. कवळी मात्र झकास झाली. लग्नात बाई हसल्या म्हणे खूप.

त्या रविवारी: "हं, बोल. किती धरली?"

"सगळी."

"एकवीसही?" आणि मग, आयुष्यात क्वचित ऐकू येणारं, "शाब्बास."

काकांनी फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन नळ सोडला, कितीतरी वेळ. शेजारी आम्हाला वाटलं कपडे धुतायत. ते नळाच्या आवाजाआड रडत होते हे काकांनी पुढे स्वतःच सांगितलं, तेही कवळीचं माप सांगावं तसं.

हवा निवळली आणि चार कलमं बाहेर लावायची वेळ आली. आधी त्यांना बाहेरची सवय करतात. रोज थोडा वेळ सावलीत, मग जरा उन्हात. काकांना धीर निघेना. घरात ती टाकी, ते उकळतं पाणी, त्यात आपण असे विसरभोळे. बाहेर तरी जगतील, म्हणून त्यांनी चारही एकदम नेऊन वाफ्यात लावली. दुपारच्या उन्हात टोकाच्या कलमाची पानं कागदासारखी पांढरी पडली. काकांनी त्याच्यावर आपली छत्री धरली, स्वतः उन्हात उभे राहून, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी छत्री मिटून घरात आले.

दुसऱ्याला काठी हवी होती. काठी आधी रोवायची आणि मग रोप लावायचं, हे नर्सरीवाल्याने बजावलं होतं. काकांना ते आठवलं रोप लावून पंधरा दिवस झाल्यावर. त्यांनी काठी जपून खाली दाबली. मातीत काहीतरी कट्‌कन तुटलं. दाढ निघताना आतल्या आत होतो तसा आवाज. तो त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेहमी ऐकू यायचा, पण आपल्या हाताने झालेला हा पहिलाच.

तिसरं एका सकाळी नुसतं नव्हतंच. दोन बोटं उंचीचा बुंधा आणि भोवती चकचकीत चिकट रेघ.

"गोगलगाय नि पोटात पाय!" भिंतीवरून शिवणकाकू म्हणाली. "रात्रीतून फस्त करतात मेल्या. मीठ टाका."

"मिठाने माती मरेल."

"मग राखण बसा."

"माझं एकच राहिलंय हो," काका म्हणाले. असं म्हणाले की शिवणकाकूने तोंडातल्या टाचण्या काढल्या. तेव्हा त्यांनी भिंतीशी उभं राहून सगळं सांगून टाकलं, डब्यांपासून. तिने ऐकून घेतलं, आणि तिच्या पाठीशी उभी राहून मीही. पुढे ती गल्लीभर दातांचं बोलली, पण डब्यांचं एका शब्दाने कुणापाशी बोलली नाही. हेही सांगायला हवं.

गोगलगायीला खरखरीत जमीन सोसत नाही, पोट सोलवटतं. खरखरीत म्हणजे काय, तर प्लास्टर. काकांनी फळ्यांवरचे जुने साचे उतरवले, काही हातोडीने चुरले आणि चुरा रोपाभोवती पसरला. चुरा पावलांनी विसकटू नये म्हणून बाहेरून अख्ख्या जबड्यांचं कडं घातलं. वरचे, खालचे, अर्धे दात असलेले, नुसत्या हिरड्यांचे. काठीला चिंधी बांधली ती रोप घासू नये म्हणून. आणि उकिडवे बसून ते पुटपुटत होते ते एवढंच: "बसेल. बसेल. बस की बाबा."

हीच ती अफवेची सकाळ.

पुढचा महिना काकांनी कवळ्या कमी आणि ते रोप जास्त बघितलं. डॉक्टरीणबाईंची माणसं मऊ भात खात वाट बघत राहिली. पानांच्या चार जोड्या झाल्यावर शेंडा खुडायचा असतो, म्हणजे बाजूने फुटवे येतात. काका सुरी घेऊन तीन दिवस समोर बसले. सातातलं एक राहिलेलं, त्याचंही डोकं उडवायचं? चौथ्या दिवशी डोळे मिटून उडवलं आणि घरात जाऊन चादर घेऊन पडले. फुटवे आले. गुडघ्याएवढं झालं. आणि एका सकाळी मधल्या फुटव्याच्या टोकाला हिरवी गोटी दिसली. कळी!

काकांना आनंद झाला नाही. त्यांना घाम फुटला. कारण आता नवीच धास्ती होती: पांढरी टोकं आली नाहीत तर? सडलेल्या अर्धवट गड्ड्याचं बियाणं, उकळीतून वाचलेलं. नुसतं जांभळंच फुललं तर अक्का म्हणेल, हे माझं नव्हे. मग ज्याच्यासाठी एवढं केलं ते वाचलंय की कधीच गेलंय, हे तरी कुणी सांगावं?

भाचीचा फोन आला. "मामा, शनिवारी आईला घेऊन येतेय. वॉकर घेऊन चालते आता. एकवीस झाडं बघायचीत म्हणून डोकं खाल्लंय नुसतं."

गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज मी हुबेहूब काढते. शुक्रवारी काका वाफ्याशी बसलेले. भिंतीवरून मी, अगदी अक्कांच्या आवाजात, "हं, बोल. किती?" म्हटलं. काका अर्धे उठले आणि मटकन खाली बसले, पांढरेफटक. मला फार मजा वाटली आणि लगेच फार वाईट.

"तुम्ही सांगणार नाही त्यांना," मी म्हटलं. "म्हणाल उंदरांनी खाल्ली, चोर आला. पैज."

"कसली पैज?"

"नाही सांगितलंत तर मुख्याध्यापकांचा जबडा माझा." शाळेत ज्यांच्या शुभ्र दातांचं कौतुक चालतं, त्यांचा साचा कड्यात तिसरा होता. बुडावरचं नाव मी वाचलं होतं. वर एकही दात नव्हता.

काकांनी तो जबडा कड्यात नीट दाबून बसवला. "आणि सांगितलं तर थंडी पडेपर्यंत रोज सकाळी गोगलगायी तू वेचायच्या."

"चालेल!" मला शंभर टक्के खात्री होती. अक्कांसमोर त्यांची दातखिळी बसते, हे अख्खी गल्ली जाणते.

शनिवारी गाडी आली. दार अर्धं उघडलं, वॉकरचा एक पाय खाली टेकला, अजून अक्का बाहेरही आल्या नव्हत्या, तोच काका म्हणाले, "अक्का, मी गड्डे ओले ठेवले. वीस सडले. एकाची सात कलमं केली. त्यातलं एक राहिलंय. फोनवर खोटं बोलत होतो."

एका दमात. स्वल्पविराम नाही.

अक्का दाराला धरून तशाच राहिल्या. "एकवीस होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"एकवीस."

भाची "आई, आधी आत तर..." म्हणाली, ते कुणी ऐकलं नाही. अक्का वॉकर टेकवत घराच्या बाजूने सरळ मागे निघाल्या. पाय मातीत रुतत होते. काका मागे, हात पुढे धरून, धरायची हिंमत नाही. वाफ्याशी अक्का थांबल्या. जबडे बघितले. वाकल्या, पानं उलटून बघितली, बुंधा चाचपला. आणि दोन बोटांत ती कळी धरून कट्‌कन खुडली.

काकांच्या तोंडून आवाज निघाला, तसा मला अजून काढता आलेला नाही.

"ओरडतोस काय?" अक्का म्हणाल्या. "एकच झाड आहे. यंदा याला फुलवायचं, की मुळाशी गड्डा धरू द्यायचा? फूल काय, पुढच्या वर्षी." मग त्यांनी नखाने कळी सोलली. एकेक हिरवं पातं काढलं. आत घट्ट मिटलेल्या, शाईत बुडवल्यासारख्या पाकळ्या, आणि टोकांना, टाचणीने टोचून ठेवल्याइतकं बारीक, पांढरं.

त्यांनी ती काकांच्या तळहातावर ठेवली. "तेच आहे. बघ."

काका बघत होते, पण त्यांना दिसत नसावं.

"बाजूच्या फुटव्यांची अजून तीन कलमं निघतील," अक्का म्हणाल्या. "आज काप. हात तुझाच बरा आहे. पाणी मी घालीन. एक कलम तिला दे." तिला म्हणजे भिंतीवरच्या शिवणकाकूला. शिवणकाकूच्या तोंडातली टाचणी वाफ्यात पडली, ती अजून सापडलेली नाही. "सगळं एका घरात ठेवलं, ही चूक माझी. आणि थंडीत गड्ड्यांना हात लावलास तर याद राख. तू दातांचं बघ. चल, मला बसायला दे."

तीनपैकी दोन धरलीत. तिसऱ्याचं अजून सांगता येत नाही; पानं संध्याकाळी माना टाकतात, सकाळी उचलतात. अक्का खिडकीत बसून त्याच्याकडे बघतात आणि काकांशी बोलत नाहीत, काका टेबलापाशी बसून अक्कांकडे बघतात. बसेल म्हणायचं मात्र काकांनी त्याच्याबाबतीत सोडलंय.

आणि रोज पहाटे चिमटा आणि डबा घेऊन मी. आज सतरा निघाल्या. मुख्याध्यापक अजून कड्यात तिसरेच आहेत, आणि पानाखाली हात घालायचा तर आधी त्यांच्यासमोर पुरती मान झुकवावी लागते.